घोड्याला चारा कोण घालतो?

अद्भुतरम्य कादंबरीत पहिल्याच पानावर आग ओकणारा पंखवाला सर्प आला, तरी वाचक कुरकुर करत नाही. त्या सर्पाशी लढायला निघालेला वीर मात्र चार दिवस घोडा दौडवतो आणि घोडा एकदाही पाणी मागत नाही, तिथं पुस्तक मिटावंसं वाटतं. अशक्य गोष्ट एकदा खपून जाते; शक्य गोष्ट चुकली की खुपते.

घोड्याचंच घ्या. स्वारासकट रोजच्या रोज 40-50 किलोमीटर, त्याहून जास्त ओढलं तर आठवड्यात तो लंगडायला लागतो. बेळगावहून निघालेल्या स्वाराचा पहिला मुक्काम संकेश्वरात, निपाणी दुसऱ्या दिवशी. चारा दिवसाला 8-10 किलो, पाणी तीसेक लिटर. हजार घोड्यांची फौज असेल तर रोजचा चाराच 10 टनांच्या घरात जातो. तो कुणाच्या गंजीतून उचलला, पैसे दिले की नुसता दम दिला, हे ज्या लेखकाला सुचतं त्याची माणसं आपोआप उभी राहतात. गंजी रिकामी झालेल्या घरातली बाई वीराला ओवाळायला येणार नाही. तिची नजर चुकवत घोडा पुढं काढणारा वीर मग खरा वाटायला लागतो.

पावसाचंही तसंच. बेळगावहून गोव्याकडं जाताना लागणाऱ्या कणकुंबी-चोर्ला पट्ट्यातल्या आषाढासारखा पाऊस कादंबरीत पडत असेल, तर धनुष्याची तात भिजून सैल पडली पाहिजे, खोगिराला बुरशी आली पाहिजे, पायांना चिखल्या झाल्या पाहिजेत. चिखल्यांनी हैराण झालेला राजपुत्र रात्री मित्राला नको ते बोलून जातो आणि पुढच्या शंभर पानांचं वैर तिथं रुजतं. भविष्यवाणीपेक्षा हे कारण केव्हाही पटतं.

भाषेच्या बाबतीत सीमाभागातला वाचक जरा जास्तच खवट. सात राज्यं, दोन समुद्र, आणि सगळे एकच भाषा बोलतात? इथं भाजीवाली एका गिऱ्हाइकाला ‘घे की गं, ताजी हाय’ म्हणते, वळून दुसऱ्याला कन्नडात ‘हत्त रूपाय री’ (दहा रुपये) सांगते आणि लष्करी छावणीतला जवान आला की हिंदीवर येते. सुटे पैसे मात्र ओठातल्या ओठात स्वतःच्याच भाषेत मोजते. कादंबरीतला हेर पकडायचा तर असा पकडावा, नाणी मोजताना. जादूचा आरसा कशाला हवा?

राज्य बदलण्याचंही कादंबऱ्या फार सोपं करून टाकतात. निशाण उतरलं, निशाण चढलं, प्रकरण संपलं. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. घरं, विहिरी, बांध जागच्या जागी राहिले आणि वाद अजून चालूच आहे. नव्या राजाची नोटीस ज्या लिपीत येते ती म्हाताऱ्याला वाचता येत नाही. वाचून दाखवणाऱ्याकडं ती न्यायची, त्यानं सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. तो खरं सांगतोय का? या एका प्रश्नावर चांगल्या लेखकानं अख्खं प्रकरण खुशाल खर्च करावं. आमच्याकडं ते प्रकरण श्वास रोखून वाचतील.

जादूचे नियम, तिची किंमत याचा ऊहापोह पुष्कळ होतो. किंमत वापरणाऱ्यालाच मोजावी लागली म्हणजे झालं. त्याहून मोठी खोड म्हणजे अनाथ नायक. तो लेखकाला सोयीचा असतो: घरी कधी येतोस म्हणून विचारणारं कुणी नाही, भिशीचा हप्ता नाही, उताऱ्यावर नाव लावायला टपलेले भाऊबंद नाहीत. म्हणूनच तो हवेत तरंगतो. त्याला एक चुलता द्या, अर्ध्या एकराचा तंटा द्या. मग जग वाचवायला निघताना त्याचे पाय का अडखळतात ते समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तक घरी न्यायच्या आधी एक चाचणी करता येते. मधलं कुठलंही पान उघडायचं, संवादाशेजारची नावं अंगठ्यानं झाकायची आणि दोन पानं वाचायची. राणी, चोर आणि लोहार सारख्याच सुरात बोलत असतील तर पुस्तक परत फळीवर, पहिल्या पानावरचा नकाशा कितीही देखणा असला तरी.