वाकळीच्या कडेला

मोंढ्यातल्या गोदामात, तुरीच्या पोत्यांमागं वाढलेली ती भुरी मांजरी आमच्या परभणीच्या दवाखान्यात आली तेव्हा तिचा मागचा पाय मोडलेला होता. हाड जुळलं, नसबंदी झाली, रेबीजची लसही टोचून झाली. पण लंगडेपण राहिलं. मोंढ्यातल्या कुत्र्यांत तिला परत सोडायला माझा जीव धजेना.

पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाचा हात सहज ओळखीचा होतो. हिचे ते दिवस पोत्यांमागंच गेले होते. खोक्यात भिंतीकडं तोंड करून बसायची. खायची ती रात्री, आम्ही कुलूप लावून गेल्यावर.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "हातात येते का?" एका चांगल्या कुटुंबाला मी नाही म्हटलं. त्यांची लेकरं हिरमुसली, मलाही वाईट वाटलं. पण चार हात एकदम पुढं आले की ही खाणं सोडते, आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

मग शेळीचं जंताचं औषध न्यायला एक मावशी आल्या. एकट्या राहतात, वाकळा शिवून देतात. खोक्याकडं लांबूनच बघत म्हणाल्या, "हिला कुठं बसाय आवडतं, डॉक्टरीणबाई?" इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

खोकं न धुता, तिच्या वासासकट दिलं. एकच खोली, हाका नाहीत, नजरानजर झाली तर डोळे सावकाश मिटायचे, एवढंच सांगितलं. आणि दोन दिवस ताटली तशीच राहिली तर रात्री-अपरात्री फोन करा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पहाटे फोन वाजला. छातीत धस्स झालं. "ताटली चाटूनपुसून ठिवली बगा. तोंड दाखवंना. मला तरी कुठं घाई हाय?"

चार आठवड्यांनी दुसऱ्या लसीचा डोस बर्फाच्या डब्यात घेऊन गेले आणि दारातच थांबले. मावशी जमिनीवर वाकळ अंथरून टाके घालत होत्या. तासन् तास एकाच जागी बैठक, हात तेवढा हलणारा, तोही एकाच लयीत. वाकळीच्या दुसऱ्या टोकाला भुरी मोडका पाय लांब सोडून, पोट उघडं टाकून झोपली होती.

"हात लावलात का?" मी कुजबुजले.

"अजून न्हाई. आठ दिस झाले, आपली आपण येती. दोऱ्याचं टोक तेवढं वढती."

दोरा गिळला तर आतड्यात अडकतो. रीळ आणि सुई झाकणाच्या डब्यात ठेवा, असं तेवढं बजावलं. भुरीनं एक कान हलवला, उठली नाही. पिशवी उघडलीच नाही. लस आठवडाभर पुढं गेली तर चालणार होतं. चपला हातात घेऊन मी पायऱ्या उतरले.