बिलावरची एक ओळ आणि आजींचा माळा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आमच्या रस्त्याच्या टोकाला एक जुने लाकडी घर आहे. त्यात एकट्या राहणाऱ्या आजी हिवाळ्याचे तीन महिने स्वयंपाकघरात खाट टाकून झोपत असत, कारण वरच्या खोल्या गरम ठेवण्याइतका गॅस त्यांच्या पेन्शनमध्ये परवडत नसे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यांच्या घराची वेदरायझेशनसाठी, म्हणजे फटी बुजवून व उष्णता रोखणारे थर घालून घर थंडीपासून सुरक्षित करण्याच्या कामासाठी, तपासणी झाली, आणि अर्जाची कागदपत्रे मीच भरून दिली असल्याने त्या दिवशी मीही तेथे हजर होतो.

तपासनिसाने पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातील हवा बाहेर ओढत आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी केला. त्यानंतर घर कोठे कोठे फुटके आहे ते आपोआप कळू लागले. माळ्यावर जाण्याच्या झडपेखाली हात धरला तेव्हा फ्रिजचे दार उघडल्यासारखा गार झोत अंगावर आला. तळघरात, पायाचा दगड आणि त्यावरचे लाकूड जेथे भेटतात तेथे धुराची नळी धरताच धुराची रेघ आडवी झाली. आजींनी इतकी वर्षे ज्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, त्या खिडक्यांतून येणारी हवा त्यामानाने किरकोळ होती. गरम हवा वर चढते, माळ्यातून निसटते आणि तिच्या जागी तळघरातून थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे पैसे आधी खिडक्यांवर नव्हे, तर माळा आणि तळघर यांवर खर्च करावे लागतात.

हे काम गरीब घरांसाठी मोफत करून देण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९७६ च्या कायद्याने सुरू झाला. तेलटंचाईनंतरच्या त्या काळात खिडक्यांना प्लास्टिक लावणे, फटी बुजवणे अशी तात्पुरती कामेच जास्त होत. पुढे ती पद्धत बदलली आणि आजवर ७० लाखांहून अधिक घरांचे काम झाले. मात्र काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, येणारा हा पैसा कधी ओसंडून वाहतो, तर कधी आटतो. २००९ मध्ये मंदीवरील उपाय म्हणून सुमारे ५ अब्ज डॉलर एकदम आले, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ३.५ अब्ज दिले. मधल्या वर्षांत प्रशिक्षित माणसे टिकवून ठेवायची कशी, हा प्रश्न काम करणाऱ्या संस्थांना सतत छळत असतो.

म्हणूनच याच कामासाठी वीज आणि गॅस कंपन्यांमार्फत येणारा पैसा मला अधिक मोलाचा वाटतो. गिऱ्हाइकाचा वापर कमी व्हावा म्हणून कंपनीने खर्च का करावा, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे सरळ उत्तर असे की हा पैसा कंपनीचा नसून आपल्या सर्वांचा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ च्या वीजसुधारणा कायद्यापासून ऊर्जाबचतीसाठी ग्राहकांच्या बिलात प्रत्येक युनिटमागे आकार घेतला जातो. २००८ च्या कायद्याने असेही बंधन घातले की या खर्चातील विजेच्या बाजूचा किमान १० टक्के आणि गॅसच्या बाजूचा किमान २० टक्के भाग अल्प उत्पन्न असलेल्या घरांवर खर्च झाला पाहिजे. आजींसारखी माणसेही दर महिन्याच्या बिलात हा आकार भरतात. ज्या योजनेचा लाभ घ्यायला आधी पदरचे थोडे तरी पैसे घालावे लागतात, तिचा खर्च त्यांनी वर्षानुवर्षे उचलायचा आणि स्वतः मात्र गारठ्यात झोपायचे, हा अन्याय टाळण्यासाठी त्यांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. शिवाय गरीब घराचे बिल आटोक्यात आले की थकबाकी कमी होते, आणि ती अखेरीस इतर ग्राहकांच्याच माथी पडत असते.

आजींच्या घराचे काम मात्र त्या जानेवारीत झाले नाही. माळ्यावर चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेली जुनी वायरिंग निघाली. अशा तारांना गार राहायला मोकळी हवा लागते. त्यांच्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता रोखणारा थर, पसरला तर आगीचा धोका संभवतो. तपासनिसाने खेदाने कागदावर ‘काम पुढे ढकलले’ असे लिहिले आणि पंखा उतरवला. त्याची काहीच चूक नव्हती. गळके छप्पर, बुरशी, जुनी वायरिंग अशा कारणांनी देशभर कितीतरी घरे अशीच परत पाठवली जातात, आणि ज्यांना दुरुस्ती परवडत नाही त्यांचीच घरे त्यांत असणार हे उघड आहे. केंद्राच्या पैशातून अशा दुरुस्त्यांवर किती खर्च करता येईल यावर कडक मर्यादा आहेत. कंपन्यांमार्फत येणाऱ्या पैशाचे नियम राज्याचे नियामक मंडळ ठरवते, त्यामुळे तेथे हात थोडा सैल सोडता येतो आणि तो सोडलाच पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच पैशावर चालणाऱ्या राज्याच्या तीन वर्षांच्या ऊर्जाबचत योजनेतून सुमारे ५० कोटी डॉलर कापले गेले. बिले वाढल्याने लोक संतापले होते, हे मला समजते. पण अशी कात्री चालवताना या दुरुस्त्यांच्या पैशाला धक्का लागू नये, असे मला मनापासून वाटते.

आजींच्या वायरिंगसाठी बिलांतून जमलेल्या निधीतूनच सोय झाली, पण त्याला ऑगस्ट उजाडला. सप्टेंबरमध्ये जाड नळीतून माळ्यावर रद्दी कागदापासून बनवलेला राखाडी कापूस फुंकून भरला गेला, झडपेला रबरी पट्टी बसली, आणि घर गरम करणाऱ्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येत नाही ना, हेही तपासले गेले. पंखा पुन्हा लावला तेव्हा झडपेखालचा धूर जवळजवळ सरळ वर गेला. त्या हिवाळ्यात आजी वरच्या खोलीत झोपल्या.

त्यांच्या घराला लागूनच एक भाड्याचे घर आहे. तेथील कुटुंबाचा अर्जही मी भरून दिला आहे, उत्पन्नाच्या अटीत ते बसतात, परंतु काम सुरू व्हायला घरमालकाची सही लागते आणि गॅसचे बिल भाडेकरू भरत असल्यामुळे मालकाला घाई नाही. मी मालकाला आतापर्यंत तीन पत्रे पाठवली आहेत.