दीक्षित की दिवेकर? आधी किराणाची यादी काढा

वजनाचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन पक्ष पडतात. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मध्ये खाणं नाही. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: ठरावीक अंतराने थोडं थोडं खायचं, आपल्या भागात पिकणारं घरचं खायचं, भाताला-तुपाला भ्यायचं नाही. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं सापडतात, आणि तीन महिन्यांत कंटाळून गुपचूप पूर्वपदावर आलेलीही सापडतात. कुठला पक्ष बरोबर यावर वाद घालायला व्हॉट्सअ‍ॅप आहेच. ज्याला खरंच वजन कमी करायचंय, त्याने आधी आपल्या घराचं घड्याळ बघावं.

येता-जाता डब्यात हात घालायची सवय असेल, तर दोन वेळचं जेवण चांगलं जमतं. फरसाण, बिस्किटं, पोरांच्या ताटातलं उरलेलं असं दिवसभरात पोटात किती गेलं याचा पत्ताच नसतो. वेळा दोनच ठरल्या की हे सगळं एका फटक्यात बंद होतं. सकाळी सव्वासहाची लोकल पकडणाऱ्याचं दुपारी एकला डबा आणि रात्री साडेआठला जेवण असंच चाललेलं असतं, त्याला फक्त मधला वडापाव सोडायचा असतो. ज्याचं संध्याकाळी सहाला डोकं धरतं, चिडचिड होते आणि मग रात्री ताट दोनदा भरलं जातं, त्याने मात्र हा हट्ट धरू नये. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक घेतलं तर त्याचं रात्रीचं जेवण आपोआप आटोक्यात येतं. थोडं थोडं खाण्यातली गोची वेगळी आहे. तिथे ‘थोडं’ हे थोडं राहत नाही. दर दोन तासांनी वाटीभर चिवडा खाणं ही कुणाचीच पद्धत नव्हे.

कुठलीही रीत पंधरा दिवस करून बघावी आणि काट्याकडे न बघता तीन गोष्टी तपासाव्यात. रात्री झोपताना भूक लागते का? दुपारी काम होतं का? आणि घरात तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती रीत टिकायची नाही. करणारी व्यक्ती आधी कंटाळते, खाणारा नंतर.

पद्धतीवरून भांडण्यात फारसा अर्थ नाही हे संशोधनातही दिसतं. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदकं. सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे जवळपास सारखीच. चीनमध्ये १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरी दिल्या, त्यातल्या निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायला सांगितलं. २०२२ साली आलेल्या त्या निष्कर्षांतही वेळेच्या बंधनाने लक्षणीय फरक पडला नाही. एकूण खाणं कमी झालं की वजन उतरतं, वेळापत्रक हे ते कमी करायचं एक साधन आहे.

मग किती खाल्लं ते मोजायचं कसं? इथेच माणसं वेडी होतात. मोबाइलवर अ‍ॅप, पोळीचं वजन, आमटीतल्या गुळाचा खडा, सगळ्याची नोंद. आपल्या जेवणात हे निभतही नाही, कारण एका कढईतली भाजी चौघं खातात आणि फोडणीतलं तेल कुणाच्या ताटात किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा हिशोब ताटाचा ठेवू नका, वाणसामानाचा ठेवा. महिन्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम.

तेलापासून सुरुवात करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून रोज २७ ग्रॅम धरलं आहे. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटर झाले. घरात पाच लिटर संपत असेल तर डोई रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ११ ग्रॅम जास्त, म्हणजे साधारण १०० कॅलरी, आणि त्या कुणाला दिसतही नाहीत. (तूप वेगळं, बाहेरची भजी वेगळी.) हल्ली पिशव्या वेगवेगळ्या वजनाच्या येतात, म्हणून लिटर न बघता वेष्टनावरचे ग्रॅम बघा.

महिन्याचं तेल १ तारखेला एका डब्यात काढून ठेवा आणि कढईत भांड्याने ओतणं बंद करा. स्वयंपाकघरातला तुमचा चमचा किती मिलीचा आहे ते खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणाने पाणी घालून एकदा बघून घ्या; एक मिली तेल म्हणजे ढोबळ ८ कॅलरी. चौघांच्या भाजीला ३० मिली पुरतं, पण सवयीच्या पद्धतीने नाही. तेल कमी झालं की मसाला खाली लागतो, भाजी कोरडी होते आणि तिसऱ्या दिवशी ‘पथ्याचं जेवण’ म्हणून घरात कुरकुर सुरू होते. उपाय जुनाच आहे: कढईवर झाकण, झाकणात पाणी, मंद आंच. कोबी, फ्लॉवर, फरसबी, गवार वाफेवर शिजतात. तिखट-हळद तेलात घालण्याआधी चमचाभर पाणी शिंपडलं की जळत नाहीत. वांगी मात्र तेल पितात, ती आधी वाफवून किंवा भाजून घ्या. भेंडीला झाकण घालू नका, ती चिकट होईल. दोन तास आधी धुऊन कोरडी केलेली भेंडी पसरट कढईत कमी तेलातही होते.

तेलाचा धाकटा भाऊ म्हणजे दाण्याचा कूट. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० ते ५७० कॅलरी असतात. कोशिंबिरीत, उसळीत, काकडीत, वांग्यात असा मुठीमुठीने पडत गेला की बरा म्हणून खाल्लेला काकडीचा वाडगा पोळीइतका होतो. बंद करायची गरज नाही, त्यात पाव हिस्सा प्रथिनं आहेत. आठवड्याचा २५० ग्रॅम कूट बरणीत काढा, चौघांत तेवढाच संपवा.

भाकरीविषयी एक गैरसमज आहे. भाकरी ‘हलकी’ म्हणून पोळ्या सोडून भाकरीवर आलेले लोक वजन का उतरत नाही विचारतात. घडीच्या पोळीला साधारण ३५ ग्रॅम पीठ लागतं, १२० कॅलरी. आत-बाहेर चमचाभर तेल लावलं तर १६०. ताटलीएवढ्या ज्वारीच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ जातं, २४० कॅलरी. एक भाकरी म्हणजे कोरड्या दोन पोळ्या. भाकरी उत्तमच, तेलही लागत नाही, पण दोन पोळ्यांच्या जागी एक, दोन नव्हे. आपल्या घरच्या एक किलो पिठाच्या किती पोळ्या होतात ते एकदा मोजलंत की पोळी केवढ्याची ते कायमचं कळतं.

साखर सोपी. तीन कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा चहातच ओलांडली. एकदम बिनसाखरेचा चहा चारच दिवस टिकतो, त्यामुळे दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करा.

आणि एक गोष्ट वाढवायची आहे. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शनात डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस) रोज ८५ ग्रॅम धरली आहेत. शाकाहारी चौघांना महिन्याला १० किलो! यादीत तूरडाळ, मूग, मटकी, चवळी मिळून तीन किलो असतील तर भूक लवकर का लागते ते समजेल. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिनं असतात. घट्ट वरण, एका जेवणाला मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, वाटीभर दही, खात असाल तर दोन अंडी (१२ ग्रॅम) एवढ्याने पोट धरतं. उपवासाच्या दिवशी याच्या उलट होतं. साबुदाणा, बटाटा, कूट, तूप अशी ताटलीभर खिचडी पाचशे कॅलरींच्या आसपास जाते आणि प्रथिनं नावाला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि ताक त्यापेक्षा बरं.

या सगळ्याचा हिशोब किती? तेलातून १००, तीन चहांतून अर्धी साखर म्हणजे ६०, एक पोळी कमी म्हणजे १२०. रोज २८० कॅलरी. एक किलो चरबीत ढोबळ ७,७०० कॅलरी धरतात, तेव्हा महिन्याला सुमारे एक किलो. जाहिरातीतल्या ‘महिन्यात दहा किलो’पुढे हे किरकोळ वाटेल. पण पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बहुतांशी पाणी असतं: शरीरातल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी केलं की ते आधी जातं आणि लग्नाच्या एका पंगतीनंतर परत येतं.

म्हणून रोज काट्यावर चढून मन खट्टू करून घेऊ नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी. काटा कडक, सपाट फरशीवर हवा, पायपुसण्यावर ठेवला तर आकडा चुकतो. खारट खाणं, प्रवास, बद्धकोष्ठ यांनी किलो-दीड किलो सहज हलतं. पाळीच्या आधी वाढतं, म्हणून बायकांनी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. ज्यांचा आकड्याने दिवस खराब होतो त्यांनी काटा आतच ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी टेपने पोट मोजावं: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात.

वजन कमी करण्याचा नाद लागला हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. बारशाला, मुंजीला जायचं टाळणं. एक मोदक खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं. लपून खाणं. ओकारी काढणं किंवा रेचक घेणं. दिवसभर डोक्यात जेवणच. पाळी लांबणं, सतत थंडी वाजणं, दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस गळणं. यातलं काही दिसलं की मोजमाप थांबवून पोटभर खायला लागा आणि डॉक्टरांना, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. ‘अजून दोन किलो झाले की थांबते’ हे वाक्य घरात ऐकू आलं तर वाट बघू नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा परस्पर बदलल्या तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी औषधाचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे प्रयोग करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवायची.

चार-पाच महिन्यांनी काटा अडतो. अंग हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, पूर्वीची तूट आता तूट राहत नाही. त्या टप्प्यावर जेवण आणखी कापण्याऐवजी आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम द्या: खुर्चीतून हात न टेकता दहा-दहा उठाबशा तीन वेळा, ओट्याला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. अर्धा तास चालण्याने सत्तर किलोच्या माणसाच्या शंभर-सव्वाशे कॅलरीच जातात, तेव्हा चालून आलो म्हणून जिलबी हा सौदा तोट्याचा. पण उतरलेलं वजन टिकवायला चालणं लागतंच. ८० किलोचा माणूस ७६वर येऊन थांबला, तर पाच टक्के घट झाली, आणि रक्तदाब, साखर सुधारायला तेवढीही पुरते. तिथे दोन-तीन महिने मुद्दाम थांबावं, त्याच डब्यातून तेवढंच तेल वापरावं आणि पुढचं गणपती-दिवाळी झाल्यावर ठरवावं.