रेसिडेन्सी, फॅब्रिकेशन आणि ९१ दिवस : माझा अनुभव

खरं तर मशिन्सबद्दल लिहायचं होतं. पण लिहायला बसले की पहिला आठवतो तो व्हिसा सेंटरचा चार नंबरचा काउंटर, आणि अजून डोकं तापतं, त्यामुळे निम्मं लिखाण तिथेच जाणार आहे, आधीच सांगून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे एखादी संस्था तुम्हाला काही आठवडे किंवा महिने बोलावते, राहायला खोली, काम करायला स्टुडिओ, वर्कशॉप वापरायची मुभा आणि नशीब असेल तर महिन्याचा स्टायपेंड देते. आमची डिझाइन आणि डिजिटल फॅब्रिकेशनची होती, म्हणजे लेझर कटर, सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड कोरणारं मशीन), थ्रीडी प्रिंटर असं सगळं, आणि अट अशी की अर्ज दोघांनी मिळून करायचा, दोघांची कामं वेगळी पाहिजेत. मी प्लायवूडचं फर्निचर डिझाइन करते. माझ्यासोबतची कलाकार दुसऱ्या खंडातली, जुनं निटिंग मशीन उघडून त्याला कॉम्प्युटर जोडून विणकाम करणारी. आम्हाला करायचा होता घडीचा पडदा, लाकडी पट्ट्यांचा, पण धातूच्या बिजागऱ्यांऐवजी विणलेल्या बिजागऱ्या.

अर्जाचं फार काही सांगण्यासारखं नाही. रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन्हींच्या साइटवर जगभरच्या रेसिडेन्सींची माहिती मिळते, तिथूनच शोधली. रेस आर्टिस तर १९९३ पासून चालू आहे. पोर्टफोलिओत गुळगुळीत फायनल फोटोंच्या जोडीला तुटलेल्या जॉइंटचे, फसलेल्या नमुन्यांचे फोटो टाका, मुलाखतीत आम्हाला सगळे प्रश्न त्याच फोटोंवर आले. आणि "अभिनंदन, निवड झाली, आता इतकी फी भरा" असं म्हणणाऱ्या ठिकाणी अर्ज करताना दहादा विचार करा. एप्रिलमध्ये निवडीचा मेल आला, घरभर नाचून झालं, वाटलं झालं काम.

मग आलं ते आमंत्रणपत्र.

संस्था शेंगेन देशातली, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांना मिळून एकच शॉर्ट स्टे व्हिसा चालतो त्यांतल्या एकातली. पत्र इतकं सुंदर की फ्रेम करून लावावं. हात आणि यंत्र यांच्यातला संवाद, सामूहिक सर्जनशीलता, काय नि काय, आणि शेवटी "येत्या शरद ऋतूत तीन महिने आमच्या रेसिडेन्सीत तुमचं स्वागत आहे." पासपोर्ट नंबर नाही, तारखा नाहीत, राहण्याचा पत्ता नाही. मी मेल केला की तारखा तेवढ्या घाला. चार दिवसांनी दुसरं पत्र आलं, १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. मी ते न मोजता प्रिंट मारलं आणि जूनमध्ये अपॉइंटमेंटला गेले. न मोजता, हा शब्द लक्षात ठेवा.

काउंटरवरच्या माणसाने पत्र वाचलं, कॅल्क्युलेटर काढला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, किती दिवस?"

"तीन महिने."

"दिवस किती?"

मी बोटांवर मोजले. सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०. झाले ९१. शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, आणि त्यात पोचल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही धरतात. एका दिवसासाठी तो म्हणाला की हा अर्ज यात बसत नाही, तुम्हाला लाँग स्टे व्हिसा बघावा लागेल, आणि तो प्रत्येक देशाचा वेगळा, कागदपत्रं वेगळी, वेळही जास्त. फाईल परत. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी.

बाहेर येऊन पायरीवर बसून संस्थेला मेल लिहिला, रागारागात. उत्तर आलं की आमच्याकडे दरवर्षी याच तारखा असतात, कधी कुणाला अडचण आली नाही. अरे, येत नसेल, कारण बरेच जण युरोपातूनच येत असतील, त्यांना कोण दिवस मोजतंय! शेवटी असं ठरलं की पहिले दोन दिवस मी ऑनलाइन हजर राहायचं आणि ३ सप्टेंबरला पोचायचं. म्हणजे ८९ दिवस. एक दिवस हातचा ठेवला, कारण विमान लेट झालं आणि रात्री बारानंतर पासपोर्टची नोंद झाली की तारीख बदलते.

इथे एक गोष्ट घालते, नाहीतर विसरेन. हा ९०-१८० चा नियम व्हिसा लागत नाही त्यांनाही आहे. माझ्या सोबतच्या कलाकाराला तिच्या पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही, ती निवांत होती. पण जुलैमध्ये ती एका प्रदर्शनासाठी १२ दिवस शेंगेनमध्ये जाऊन आली, ते १२ दिवस तिच्या खात्यातून वजा झाले, राहिले ७८. म्हणजे ३ सप्टेंबरला आली तरी १९ नोव्हेंबरला बाहेर. आणि आमचा ओपन स्टुडिओ, म्हणजे केलेलं काम लोकांना दाखवायचा दिवस, होता २८ नोव्हेंबरला. हे तिला मी सांगितलं, ऑगस्टमध्ये, तोवर तिला पत्ताच नाही. युरोपियन कमिशनच्या साइटवर दिवस मोजायचा कॅल्क्युलेटर आहे, फुकट आहे, तो वापरा.

तर, दुसरी फेरी. तिसरं पत्र घेऊन गेले, तारखा बरोबर, पासपोर्ट नंबर आहे, पत्ता आहे. यावेळी काउंटरला एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "रेसिडेन्सी? म्हणजे तुम्ही तिथे राहायला चाललाय? मग रेसिडेन्स परमिट लागेल ना." मी समजावलं की हे कार्यक्रमाचं नाव आहे हो, मी परत येणार आहे, हे बघा रिटर्न तिकिटाचं बुकिंग. त्यात त्यांचा दोष तरी काय म्हणा, माझ्या मावशीनेच विचारलं होतं की रेसिडेन्सी लागली म्हणजे तू डॉक्टर कधी झालीस. ते मिटतंय तोवर बोट खाली सरकलं. "फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये काम करून उत्पादन करतील, असं लिहिलंय. आणि खाली तुम्हाला मिळणारी महिन्याची फी. हे तर नोकरीचं झालं."

आता फॅब्रिकेशन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? ग्रिल, गेट, शटर, वेल्डिंगच्या ठिणग्या. त्यांच्याही तेच आलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, बहुतेक ही बाई वेल्डर दिसत नाही असा विचार करत असाव्यात. मला सांगायचं होतं की अहो, अमेरिकेत नळ-बेसिन बनवणाऱ्या कोहलरच्या कारखान्यात १९७४ पासून कलाकार कामगारांच्या शेजारी उभे राहून ओतकाम करतायत, सिरॅमिक करतायत आणि तीही रेसिडेन्सीच आहे. बरं झालं बोलले नाही. कारखाना हा शब्द तोंडातून गेला असता तर तिथेच संपलं असतं.

एक नक्की सांगते, काउंटरवरची माणसं निर्णय घेत नाहीत, निर्णय वकिलातीचा. तुम्ही हट्ट केला तर कागद आहे तसा घेतात आणि तुमची सही घेतात. मला मोह झाला होता. पण रिजेक्शन आलं तर ते पुढच्या अर्जांतही आडवं येऊ शकतं, म्हणून फाईल उचलली आणि परत आले. दुसऱ्यांदा. सुट्टी परत वाया.

त्या रात्री मी पत्राचा मसुदा स्वतःच लिहिला. हे मी पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं. संस्थेतली माणसं पत्र लिहितात ती कलाकारासाठी, आणि वाचणारा असतो ज्याला कलेशी काही घेणंदेणं नाही, ज्याच्यासमोर यादी आहे आणि रांगेत मागे तीस जण आहेत. म्हणून सगळी कविता काढली. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, एकूण दिवस अंकात, राहण्याचा पत्ता आणि त्याचा खर्च कोण करणार, आणि हा तात्पुरता सांस्कृतिक कार्यक्रम आहे, डिझाइन स्टुडिओत प्रयोग आणि नमुने, विक्रीसाठी काही नाही, नोकरीचा करार नाही. फीच्या जागी राहण्याखाण्याच्या खर्चापोटी स्टायपेंड. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का. शिक्क्यासाठी परत चार मेल, कारण तिकडे म्हणे शिक्का कोणी वापरतच नाही, मग कुठल्या तरी ड्रॉवरमधून एक शोधून काढला, तो थोडा तिरका उमटलाय.

पण शब्द बदलायचे म्हणजे खोटं लिहायचं असा अर्थ काढू नका. काही देशांत कलाकाराच्या मानधनालाही वेगळी परवानगी लागते. मी वकिलातीला मेल करून रक्कम सांगून विचारलं होतं, उत्तराची प्रिंट फाईलला लावली होती.

तिसऱ्या फेरीत परत त्याच बाई. पत्र वाचलं, दिवस मोजले, इन्शुरन्स बघितला, "हं" म्हणाल्या. बास. इतक्या दिवसांच्या तपश्चर्येला एक हं. दोन आठवड्यांनी पासपोर्ट आला. नियमाने १५ दिवसांत निर्णय देतात पण ४५ पर्यंत लांबू शकतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मी मार्चपासूनच करू शकले असते पण निवडच एप्रिलमध्ये झाली, करणार काय.

हो, इन्शुरन्स राहिलाच. किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं आणि सगळे दिवस झाकले गेले पाहिजेत. माझी पॉलिसी जुन्या तारखांची होती, ती बदलायला परत फोनाफोनी. पत्राच्या तारखा पक्क्या होईपर्यंत पॉलिसी घेऊच नका. आणि व्हिसाच्या स्टिकरवर "पर्यंत" म्हणून जी तारीख असते ती बघून खूश होऊ नका, किती दिवस राहू शकता तो आकडा वेगळा छापलेला असतो, तोच खरा.

आता गंमत बघा. मी वाचवलेले ते दोन दिवस. २ सप्टेंबरला वर्कशॉपचं सेफ्टी इंडक्शन होतं आणि ते ऑनलाइन होत नाही, मशीनला हात लावल्याशिवाय सही देत नाहीत. सही नाही तर लेझर नाही. पुढचं इंडक्शन आठ दिवसांनी. आम्ही दोघी आठ दिवस पुठ्ठा आणि कटर घेऊन बसलो, शेजारच्या खोलीत लेझर सूं सूं करतोय आणि आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या पुठ्ठा कापतोय. बिजागरीची रुंदी मात्र तिथेच ठरली.

इंडक्शन घेणारा टेक्निशियन अफलातून होता. सोबतच्या कलाकाराने एक चकचकीत कोटिंग केलेलं कापड आणलं होतं, लेझरवर कापायला. तो म्हणाला थांब. तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल केली, कापडाला टेकवली, चर्र झालं, थोडं कोटिंग तारेला चिकटलं, आणि तार परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. म्हणजे यात क्लोरीन आहे, बहुतेक पीव्हीसी. लेझरखाली यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं जातात आणि मशीनची लेन्सही. त्याने कापड घडी करून तिच्या हातात परत दिलं, एक शब्द न बोलता. त्यानंतर कुठलंही मटेरियल विकत घ्यायच्या आधी आम्ही त्याची डेटा शीट, म्हणजे त्यात काय काय आहे त्याचा कागद, मागायला लागलो.

बाकी आमच्या चुका. ६ मिलिमीटरचं म्हणून आणलेलं प्लायवूड व्हर्नियरने मोजलं तर ५.७ भरलं, सगळे खाचे ढिले. त्यात लेझर स्वतः थोडं मटेरियल खातो, आमचा साधारण ०.२ मिलिमीटर खायचा, म्हणून प्रत्येक नव्या शीटवर आधी छोटा टेस्ट तुकडा कापायचा हे शिकलो. आणि तिने इंचात काढलेली फाईल मी मिलिमीटरमध्ये उघडली, तर ४० सेंटिमीटरची पट्टी १६ मिलिमीटरची होऊन आली, नखाएवढी. ती अजून माझ्या की-चेनला आहे.

फाईल्स कोणाच्या, कोण कुठे दाखवू शकतं, हे आम्ही पहिल्या आठवड्यात एका पानावर लिहून दोघींनी सही केली. मैत्री आहे तोवरच लिहून घ्या.

सामान परत आणताना पेटी प्लायवूडचीच करा. कच्च्या लाकडाची असेल तर उष्णतेची प्रक्रिया करून आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. हे मला त्या टेक्निशियननेच सांगितलं, नाहीतर अजून एक काउंटर.

१९ नोव्हेंबरला ती गेली. २८ ला ओपन स्टुडिओमध्ये पडदा उभा होता आणि त्याच्या शेजारी खुर्चीवर लॅपटॉप, त्यात व्हिडिओ कॉलवर ती, तिच्याकडे पहाटेचे चार वाजलेले. लोक वाकून वाकून तिला बिजागऱ्यांबद्दल विचारत होते.

परत आल्यावर संस्थेने फीडबॅक फॉर्म पाठवला, त्यात मी तारखांवर अख्खं पान लिहिलं. गेल्या आठवड्यात त्यांचा नवा ओपन कॉल, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अर्जांची जाहिरात, आली. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. लगेच मेल टाकलाय. ऑटो-रिप्लाय आलाय.