एकाच बागेतल्या दोन जमिनी

पुरंदर तालुक्यातील आमच्या अंजिराच्या बागेचा वरचा भाग मुरमाड असून ओढ्यालगतचा भाग काळ्या, भारी जमिनीचा आहे. ठिबक नव्याने बसवताना दोन्हींना मिळून एक व्हॉल्व्ह पुरेल असे विक्रेत्याने सांगितले. मी मात्र आधी माती परीक्षण करून घ्यायचे ठरवले. फळझाडांच्या मुळ्या खोल जात असल्याने वरच्या थराच्या नमुन्यावर भागत नाही, म्हणून दोन्हीकडे तीन फुटांचे खड्डे घेतले आणि प्रत्येक फुटाची माती वेगळी काढून, सावलीत वाळवून पुण्यातील प्रयोगशाळेत दिली. काळ्या भागाचा सामू (पीएच) आठच्या वर निघाला आणि चुनखडीचे प्रमाणही बरेच आढळले.

अहवालाइतकेच मला शिकवले ते ड्रिपरखालच्या ओलीने. ताशी ४ लिटरचा ड्रिपर दोन्हीकडे सारखाच वेळ चालवून नंतर बाजूने खणून पाहिले, तेव्हा मुरमात ओल अरुंद पट्ट्याने सरळ खाली उतरली होती, तर काळ्या मातीत ती आडवी पसरली होती, कारण चिकणमातीची सूक्ष्म छिद्रे पाणी बाजूलाही ओढून घेतात. म्हणून आता दोन व्हॉल्व्ह आहेत. मुरमात झाडांच्या दोन्ही बाजूंनी नळ्या टाकून जवळजवळ ड्रिपर लावले आहेत आणि रोज थोडे थोडे पाणी देतो. काळ्या भागात ताशी २ लिटरचे ड्रिपर ठेवले असून वाफसा (जादा पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती) आल्याखेरीज पुढचे पाणी देत नाही, कारण सतत ओल राहिली तर मुळांना हवा मिळत नाही.

खतांचे गणितही याच फरकावर बसवावे लागले. मुरमात अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद कमी असल्याने नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) लहान हप्त्यांत, पाण्याच्या पाळीच्या उत्तरार्धात सोडतो व शेवटी थोडा वेळ साधे पाणी चालवतो, जेणेकरून खत मुळांच्या पट्ट्यातच राहते. काळ्या भागात हप्ते लांबवता येतात, पण तेथे चुना स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवतो, म्हणून १२:६१:० हे स्फुरद जास्त असलेले विद्राव्य खत ठिबकमधूनच थोडे थोडे देणे मला योग्य वाटते. कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत कधीही मिसळत नाही, कारण न विरघळणारा साका तयार होऊन ड्रिपर बंद पडतात. नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागली की लोहाच्या कमतरतेसाठी ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड (संयुगात धरून विरघळलेले ठेवलेले) लोह देतो. ईडीटीए स्वरूपातील लोह इतक्या सामूच्या जमिनीत टिकत नाही.