रॅगलन काखेपर्यंत आला!

"रत्नागिरीत लोकर कशाला गं?" शेजारच्या काकूंनी आज पुन्हा विचारलं. भाची डेहराडूनला शिकते, तिच्यासाठी स्वेटर विणतेय! गळ्यापासून खाली आणलेला रॅगलन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघा असलेला स्वेटर, आज काखेपर्यंत पोचला. चार तिरक्या रेघा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. एकाआड एक ओळीत 8 टाके वाढतात. खांद्याला शिवणच नाही, त्यामुळे पोरीला टोचणार नाही.

स्वेटरच्या पुढच्या बाजूला वेणीसारखी नक्षी घेतलीय, त्या वेणीचा पीळ काय सुरेख पडलाय! तीन टाके जादा सुईवर पुढे धरायचे, नंतरचे तीन आधी सुलट विणायचे, मग धरलेले. पीळ डावीकडे वळतो. वेणी कापड आत ओढते, म्हणून तिथे टाके जास्तच घ्यावेत. आपल्या दमट हवेत मला स्टीलच्याच सुया बऱ्या वाटतात.

बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढलेत. उंचीचं माप तिला रात्री फोनवर विचारते.