सेंच्युरियनपाशी: लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या वाटेवर

अहिल्यानगरचं (माझ्या तोंडात अजून नगरच येतं) रणगाडा संग्रहालय शिर्डी-शिंगणापूरच्या घाईत बहुतेकांचं राहून जातं. मी गेलो ते खास त्याच्यासाठीच, आणि तिथेही मला एकच रणगाडा नीट पाहायचा होता, सेंच्युरियन.

दुपारच्या उन्हात पत्रा इतका तापला होता की हात ठेववत नव्हता. आत जागा चौघांपुरती: ड्रायव्हर, गनर, लोडर आणि कमांडर. वर कमांडरचं गोल झाकण. ते बंद ठेवलं की जीव जपला जातो, पण आजूबाजूचं फार कमी दिसतं. उघडून उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं, आणि शत्रूलाही तुमचं डोकं दिसतं. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर झाकण उघडं ठेवून उभे राहत.

1965 च्या सप्टेंबरात, भारत-पाक युद्धात, ते पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. 11 सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले. मागे जाऊन उपचार घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पुढे वझीरवाली, मग जस्सोरान आणि बुतुर-डोगरांडी. 16 सप्टेंबरला तिथेच ते धारातीर्थी पडले. वय 42. त्या दिवसांत त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे साठेक रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. मला मात्र त्या लढाईइतकीच त्यांची निरवानिरव आठवत राहते. आपल्या एका सहकारी अधिकाऱ्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: मी पडलो तर माझं दहन रणांगणावरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, गळ्यातली सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, ब्रेसलेट आणि फाउंटन पेन मुलाला. आणि मुलाला सांगा, सैन्यात जा. घरातलं एकही माणूस त्यातून सुटलेलं नाही. तोफा धडधडत असताना कुणाला काय द्यायचं हे ज्याच्या मनात इतकं स्पष्ट असतं, तो माणूस घर विसरून लढत नव्हता, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. आपण शहिदांच्या गोष्टी सांगताना घर कसं मागे सोडलं तेवढंच सांगतो.

दहनाचीही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. पारशी धर्मात अग्नी पवित्र, म्हणून परंपरेने मृतदेह अग्नीला देत नाहीत, दोखम्यात (उघड्या मनोऱ्यात) ठेवतात. त्यांनी मात्र आपल्या जवानांसारखाच निरोप मागितला, आणि तसाच तो दिला गेला.

नगरहून परतताना पुणे कॅम्पात उतरलो. सरदार दस्तूर शाळेच्या बोर्डिंगमध्ये आदी (घरचं नाव) सातव्या वर्षी आले आणि 1940 मध्ये शाळेचे कॅप्टन झाले. त्याआधीची एक आठवण घरात सांगत: सहा वर्षांचे असताना दावं तोडून आलेली गाय बहिणीच्या अंगावर धावली, तेव्हा हे काठी घेऊन मधे उभे राहिले. पुढे हैदराबाद संस्थानाच्या पायदळात असताना प्रशिक्षणात एका जवानाच्या हातून हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही. तारापोरांनी झेपावून तो उचलला आणि भिरकावला. छातीत तुकडे घुसले, पण ते वाचले. त्यावर खूश होऊन संस्थानाचे सेनापती एल एद्रूस यांनी त्यांची चिलखती गाड्यांच्या दलात जायची इच्छा पुरी केली. 1951 मध्ये ते पूना हॉर्समध्ये आले.

आडनाव आपल्या पालघरच्या तारापूरचं. पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांना मिळालेल्या शंभर गावांत तारापूर प्रमुख होतं, असं घराण्यात सांगतात. 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव दिलं गेलं. बेट लांब आहे, तारापूर मात्र बोईसर स्टेशनवरून रिक्षाने जाण्यासारखं आहे, पुढचा बेत तोच. आणि नगरला मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी पेन आणि साखळीची गोष्ट सांगा, मग सेंच्युरियनचं झाकण दाखवा.